कापसाच्या खोलीतली हिस

मोझरीजवळच्या एका गावातून नोव्हेंबरात फोन आला. बोलणारा पोरगा बावीस-तेवीस वर्षांचा असेल. वडील खंजिरी भजन म्हणतात, आजोबाही म्हणायचे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज हाकेच्या अंतरावर, त्यामुळे त्या पट्ट्यातल्या कित्येक घरांत खंजिरी खुंटीला टांगलेली दिसते. या पोराने घरातलीच एक खोली रिकामी करून, कॉम्प्युटर, माइकचा आवाज कॉम्प्युटरात नेणारा आणि तिथून बाहेर आणणारा ऑडिओ इंटरफेस, दोन माइक आणि पाच इंची ॲक्टिव्ह मॉनिटरची, म्हणजे आतच ॲम्प्लिफायर असलेल्या स्टुडिओ स्पीकरची, जोडी असा संसार मांडला होता. गावोगावच्या मंडळांची भजनं तो रेकॉर्ड करून देत होता.

"काकाजी, स्पीकर बिघडले जी. पावसायात एकदम ठीक होते. दिवाईपासून नुसतं सूऽऽऽ करून रायले. रात्री तर बसवत नाई."

मी अमरावतीला वीस वर्षांपासून ॲम्प्लिफायर, मिक्सर, स्पीकर दुरुस्त करतो. आमच्याकडे खेड्यातून 'आवाज येतो' अशी तक्रार आली की दहापैकी आठ वेळा अर्थिंग निघते. पावसाळा सरला की जमीन कोरडी पडते, कोळसा-मिठाचा खड्डा सुकतो आणि ध्वनियंत्रणेत घुंऽऽ सुरू होते. त्यात रब्बीचे दिवस, रात्रपाळीची थ्री फेज लाइन, हरभरा-गव्हाला पाणी देणारे पंप सुरू, व्होल्टेज खाली. हे सगळं डोक्यात असल्यामुळे मी फोनवरच सांगून मोकळा झालो : "अर्थिंगचा खड्डा नवा कर."

इथे मी चुकलो. पोरगा 'सूऽऽऽ' म्हणाला होता आणि मी 'घुंऽऽ' ऐकलं. या दोन आवाजांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. घुंऽऽ म्हणजे हम. ती आपल्या विजेच्या ५० हर्ट्झची आणि तिच्या पटीतल्या १००, १५० हर्ट्झची असते, डब्यात अडकलेल्या भुंग्यासारखी. ती बहुतेक बाहेरून येते, वायरीतून किंवा अर्थिंगमधून. सूऽऽऽ म्हणजे हिस. तिला एक सूर नसतो. पाठीवरच्या फवारणी पंपाचं नोझल लांबून ऐकावं तशी ती असते. ती यंत्राच्या आतच जन्मते आणि अर्थिंगचा तिच्याशी काही संबंध नाही. आता फोनवर मी आधी एवढंच म्हणतो, बाबा, तोंडाने काढून दाखव.

बापलेकांनी दोन दिवस खपून नवा खड्डा खणला. हम थोडी होती तीही गेली. हिस जिथल्या तिथे.

मग पोराने आपल्या परीने उपाय सुरू केले. जिथून मॉनिटर घेतले त्या शहरातल्या दुकानदाराने त्याला केबलच्या मध्ये लावायचा आयसोलेटर विकला. आत ट्रान्सफॉर्मर असलेली ही डबी हमवर चांगली चालते, हिसवर तिचा शून्य उपयोग. तिने फरक पडला नाही तेव्हा उत्तर मिळालं की बोर्ड खराब आहे, दोन्ही स्पीकर ठेवून जा. कोणीतरी सुचवलं म्हणून त्याने प्लगची जाड पिनही कापली. हे सगळं डिसेंबरात दुसरा फोन आला तेव्हा कळलं, आणि त्याच दुपारी मी बस धरली. पिन कापल्याचं ऐकून मला घरी बसवेना. धातूच्या अंगाची यंत्रं, ओठाला टेकलेला माइक आणि अर्थिंग तोडलेलं. आत कुठे एक वायर सुटून पत्र्याला लागली तर करंट गाणाऱ्याच्या अंगातून जमिनीकडे जातो. आवाज घालवण्यासाठी अर्थची पिन कापायची नाही, कोणी कितीही सांगितलं तरी नाही.

पोचल्यावर चहाच्या आधी दोन्ही प्लग बदलले. नवा खड्डा चांगला केला होता, तो कामी आला आणि पिन कापल्यापासून परत सुरू झालेली हम लगेच थांबली. हिस मात्र मला ऐकूच येईना. दुपारचे चार वाजले होते. अंगणात शेंगा सोलणं चाललं होतं, गल्लीत ट्रॅक्टर, शेजारी टीव्ही. पोरगा ओशाळला. त्याच्या आईने विषय मिटवला : "रात्री ऐका भाऊ. आज मुक्काम करा."

सोलेभात झाला. तुरीचे ओले सोले, वर कच्चं जवसाचं तेल. साडेदहानंतर गाव निजलं तसे आम्ही तिघं खोलीत गेलो.

दार लावलं आणि मला पहिल्यांदा खोलीच जाणवली. दहा बाय बाराची. एका भिंतीला छतापर्यंत कापूस. खिडकीही कापसाच्या गाठोड्यांनी बुजलेली. भाव येईपर्यंत कापूस घरातच ठेवतात, आमच्याकडे हे नवं नाही. पण त्या खोलीत बोललं की शब्द ओठातून निघतो आणि तिथेच जिरतो, माघारी काहीच येत नाही. पंखा बंद. बाहेर कुत्रंसुद्धा नाही. स्वतःच्या कानातली नस ऐकू येईल अशी शांतता. पोराने मॉनिटर सुरू केले. सूऽऽऽ. स्पष्ट. मीही मान हलवली, आवाज आहे.

आता तो कुठला, हे पाहायचं होतं. यात यंत्र लागत नाही, क्रम लागतो.

आधी दोन्ही मॉनिटरच्या मागच्या सिग्नल केबल काढल्या. नुसती वीज जोडलेली. हिस तेवढीच. म्हणजे कॉम्प्युटर, इंटरफेस, माइक, केबल हे सगळे एका फटक्यात सुटले. आवाज मॉनिटरचाच. मग कान ट्वीटरजवळ, म्हणजे बारीक सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरजवळ, नेला, तिथे जास्त. खालच्या सुरांच्या मोठ्या वूफरजवळ जवळजवळ नाही. डाव्याला जेवढी तेवढीच उजव्याला. ही बरोबरी मला महत्त्वाची वाटली, कारण पार्ट बिघडतो तेव्हा तो एका बाजूचा बिघडतो. एकाच रात्री दोन्हीकडचा तोच पार्ट तेवढाच बिघडणं फार दुर्मीळ. मग मागचा व्हॉल्यूम नॉब पूर्ण मागे नेला. हिस किंचित कमी झाली, गेली नाही. म्हणजे मोठा भाग नॉबच्या पुढच्या टप्प्यातून, थेट पॉवर ॲम्प्लिफायरमधून येतोय. तिथे आपला हात पोचत नाही.

थोडक्यात, मॉनिटर बिघडलेले नव्हते. ते असेच असतात.

वडिलांना हे पटेना, आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. "असेच असते म्हणता, तं पावसायात काऊन नव्हतं? थंडीनं झालं असंन."

थंडीचा मुद्दा आधी घेतो, कारण तो आणखी काही जणांकडून ऐकला आहे. हिसचं मूळ खरंच उष्णतेत आहे. कुठल्याही रेझिस्टरमधले इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सतत हलत असतात आणि त्या हालचालीचं बारीकसं व्होल्टेज तयार होतं. बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमध्ये जॉन्सन यांनी ते मोजलं आणि नायक्विस्ट यांनी त्याचं गणित मांडलं. दोघांचे लेख १९२८ साली आले. १० किलोओहमचा रेझिस्टर घरातल्या तापमानाला, आपल्याला ऐकू येतं तेवढ्या पट्ट्यात, साधारण १.८ मायक्रोव्होल्टचा नॉइज देतो. हे टाळता येत नाही. पण तापमान वाढलं की तो वाढतो, थंडीत कमी होतो. तेही किती? आपल्याकडच्या मे महिन्यातल्या ४५ अंशांत आणि डिसेंबरातल्या १० अंशांत मिळून अर्ध्या डेसिबलचा फरक. कोणाच्याही कानाला तो कळणार नाही. थंडीने स्पीकर बिघडले हे म्हणूनच टिकत नाही, उलट थंडीत ते केसभर शांतच असतात.

ॲक्टिव्ह मॉनिटरमध्ये हिस जास्त का वाटते याचंही कारण आहे. जुन्या पद्धतीच्या स्पीकरमध्ये एक ॲम्प्लिफायर आणि पुढे वरचे-खालचे सूर ट्वीटर-वूफरमध्ये वाटून देणारा क्रॉसओव्हर असतो. ट्वीटर वूफरपेक्षा जोरात वाजतो म्हणून त्याच्या वाटेत रेझिस्टर लावून त्याला आवरलेलं असतं, आणि त्या रेझिस्टरमुळे ॲम्प्लिफायरचा नॉइजही आवरला जातो. ॲक्टिव्हमध्ये ट्वीटरला स्वतःचा ॲम्प्लिफायर, मध्ये काही नाही, थेट तार. पोराला मी वहीवर मांडून दाखवलं. ट्वीटर २.८३ व्होल्टला एक मीटरवर ९० डेसिबल देतो असं धर. त्याला नुसता १ मिलिव्होल्ट नॉइज मिळाला तरी एक मीटरवर २१ डेसिबल होतात. २१ डेसिबल म्हणजे काहीच नाही, शहरातल्या दुकानात ते जन्मात ऐकू येणार नाहीत. पण या खोलीत रात्री अकराला येतात.

आणि पावसाळ्यात का येत नव्हते? याचं उत्तर सापडायला अर्धा तास गेला, आणि ते मॉनिटर सोडून वर्षाकडे पाहिल्यावर सापडलं.

"स्पीकर घेतले कधी?" मी विचारलं.

"अक्षय तृतीयेले."

म्हणजे मे महिना. खोलीत कूलर. वाळ्याच्या ताट्या, पाण्याची मोटर, पंख्याचा धबधबा. त्याच्यासमोर २१ डेसिबल कुठल्या कुठे. जूनमध्ये कूलर निघाला, पाऊस आला, पत्र्यावर थेंब, आणि मग रातकिडे. आषाढापासून दिवाळीपर्यंत विदर्भातल्या खेड्यात रात्री रातकिडे थांबत नाहीत. त्यांची किरकिर साधारण ४-५ हजार हर्ट्झच्या आसपास असते, म्हणजे ट्वीटरच्याच हद्दीत. माणसाचा कान २ ते ५ हजार हर्ट्झच्या दरम्यान सगळ्यात तिखट असतो. हिस आणि रातकिडे एकाच दारातून आत येत होते आणि रातकिडे मोठे होते, त्यांनी हिस झाकून टाकली. दिवाळीनंतर थंडी पडली, रातकिडे गेले, पंखा बंद झाला. त्याच पंधरवड्यात वेचणीचा कापूस येऊन खोलीत भरला आणि उरलीसुरली बाहेरची कुजबूजही त्याने गिळली. हिस मे महिन्यापासून होती. दिवाळीपासून फक्त ती ऐकू येऊ लागली.

वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठून भिंतीला लागून रचलेल्या गाठोड्यांवर हात ठेवून म्हणाले, "म्हंजे यानंच."

आणखी एका गोष्टीने गोंधळ वाढवला होता. पोराचं म्हणणं होतं की आवाज 'कधी असतो, कधी नसतो', आणि म्हणून त्याला लूज कनेक्शनचा संशय होता. या मॉनिटरमध्ये ऑटो स्टँडबाय आहे. काही वेळ सिग्नल आला नाही की ॲम्प्लिफायर आपोआप झोपतो, हिस थांबते, सिग्नल आला की परत जागा होतो. मागचं छोटं बटण सरकवून ते बंद केलं तेव्हा हा लपंडाव थांबला.

इथपर्यंत प्रकरण दुरुस्तीचं होतं. खरं नुकसान मी दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं.

पोराने दिवाळीनंतर केलेली अकरा भजनं ऐकवली. वडिलांचा आवाज भारदस्त, पेटी ठीक, पण खंजिरीत जीव नाही. खंजिरीच्या कातड्यावर थाप पडते आणि त्याच क्षणी कडेच्या चकत्या छन्न होतात. ती छन्न काही क्षण हवेत राहते, थापेच्या मागे शेपटीसारखी. इथे थाप पडत होती आणि शेपटी कापलेली. छन्नच्या जागी एक ओला 'च्छ'.

वडील दारात उभे होते. "मी याले आधीच सांगतलं. माही खंजिरी अशी नाई वाजत बाप्पा. हे भिजल्यावानी वाजू रायली."

पोराने सॉफ्टवेअर उघडून दाखवलं. प्रत्येक ट्रॅकवर नॉइज काढणारं फिल्टर, तेही दोनदा. काही ठिकाणी ८ हजार हर्ट्झच्या वरचं सगळं कापलेलं. मॉनिटरवर ऐकताना सूऽऽऽ ऐकू येतं, म्हणजे ते रेकॉर्डिंगमध्येच आहे, असं त्याने धरलं होतं. फिल्टर लावायचा, ऐकायचा, तरीही सूऽऽऽ यायचं, म्हणून आणखी लावायचा. जे रेकॉर्डिंगमध्ये नव्हतंच ते काढताना तो खंजिरी काढत होता. चकत्यांचा आवाज आणि हिस एकाच पट्ट्यात राहतात, फिल्टरला त्यांत फरक करायला फार थोडा आधार असतो.

हे मी त्याला रागावून सांगितलं नाही. शिकवायला कोणी नसताना इतकं केलेलं पोरगं आहे. फक्त हेडफोन दिला आणि मॉनिटर बंद करून मूळ ट्रॅक ऐकायला सांगितला. तो ऐकत राहिला. खंजिरी जिवंत होती. मागे हिस नावापुरती. हेडफोन काढून तो उठला आणि वडिलांच्या कानाला लावला. ते डोळे मिटून बसले आणि मांडीवर बोटं चालू लागली.

एका भजनात खरी हिस सापडली, ती वेगळी. पेटीसाठी ठेवलेला डायनॅमिक माइक चार फुटांवर होता. आवाज पोचेना म्हणून इंटरफेसचा गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवायचा नॉब, शेवटापर्यंत नेलेला, आणि त्याबरोबर आतल्या प्रीॲम्पचा (माइकचा आवाज वाढवणाऱ्या भागाचा) नॉइजही वर आलेला. माइक एका फुटावर आणला, तेवढ्याच आवाजासाठी गेन १२ डेसिबल कमी लागला, आणि ती हिस तेवढीच खाली गेली. हे अंतराचं साधं गणित आहे, निम्मं अंतर म्हणजे ६ डेसिबल.

तेच अंतर मॉनिटरला उलट्या बाजूने लावलं. टेबल लहान असल्याने मॉनिटर पोराच्या कानापासून जेमतेम दीड फुटावर होते. टेबलामागे विटांचे दोन खांब रचले, वर फरशीचा तुकडा, त्यावर जुन्या सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या, आणि मॉनिटर कानापासून एक मीटरवर नेले. कानाशी हिस सात डेसिबलने उतरली. इथे कोणी विचारेल की दूर नेल्यावर गाणंही कमीच ऐकू येणार ना? येतं, पण गाण्याचा आवाज आपण इंटरफेसवरून वाढवू शकतो. मॉनिटरची स्वतःची हिस वाढत नाही, ती ठरलेली असते. फायदा नेमका तिथे मिळतो.

मागच्या नॉबचीही उलटापालट केली. मॉनिटरचा नॉब शेवटापर्यंत आणि इंटरफेसचा जरासाच उघडलेला, अशी मांडणी मी बहुतेक घरगुती स्टुडिओंत पाहतो. त्यात इंटरफेसकडून येणारा नॉइज पूर्ण वाढून मिळतो आणि गाणं मात्र आवरून धरलेलं असतं. मॉनिटर निम्म्यावर आणला, इंटरफेस उघडला. ट्वीटरचा आवाज कमी-जास्त करणारा ट्रिम स्विच +२ वर होता, तो शून्यावर घेतला. +२ का ठेवला होता? कापसाने खोलीतला वरचा आवाज खाल्ल्यामुळे गाणं बोदं वाटत होतं म्हणून. बिचाऱ्याने कान बरोबर लावला होता, उपाय हिस वाढवणारा निघाला.

आयसोलेटर काढून टाकला. गावातल्या मेकॅनिकने एक मॉनिटर उघडून ट्वीटरवर कपॅसिटर लावायची तयारी केली होती, त्यालाही निरोप दिला की नको. त्याने हिस दबल्यासारखी वाटली असती, पण त्याबरोबर वरचे सूरही गेले असते, आणि त्या बोर्डावर असा बोजा टाकला की ॲम्प्लिफायर अस्थिर होण्याची भीती असते.

आणि एक्स्टेंशन बोर्ड. तो कापसाला टेकून ठेवलेला होता. निघायच्या आधी तो उचलून समोरच्या भिंतीवर ठोकला, कापूस आणि वीज यांत चार हात अंतर ठेवलं. त्या घराचं वर्षाचं उत्पन्न त्या ढिगात होतं.

दुसऱ्या रात्री परत दार लावून बसलो. हिस होती. बसल्या जागी लक्ष देऊन ऐकली तर कळायची, गाणं लागलं की नाही. पोराने विचारलं, "पूर्ण नाई जाणार?" मी नाही म्हटलं. यापेक्षा शांत मॉनिटर मिळतात. चांगल्या कंपन्या माहितीपत्रकात किती अंतरावर किती डेसिबल नॉइज ते लिहितात, पुढची जोडी घेताना तो आकडा पाहून घे आणि दुकानात नको, रात्री घरी ऐकून घे. पण या जोडीसाठी आता एक रुपयाही खर्च करू नकोस.

अकरापैकी आठ भजनांचे मूळ ट्रॅक त्याच्याकडे होते. ती त्याने फिल्टर काढून पुन्हा मिक्स केली. तीन भजनांत फिल्टर लावून जुनी फाइल पुसली होती, ती गेली. ती नव्याने म्हणावी लागणार होती. मी सुचवलं की कापूस विकायच्या आधी म्हणा. एवढी शांत आणि इतकी कमी घुमणारी खोली त्यांना एरवी फोम लावूनही मिळाली नसती.

वडील कापसाला भाव येण्याची वाट पाहत होते. जानेवारीच्या शेवटी गाडी ठरली. आदल्या रात्री, मंडळातली सहा माणसं त्या खोलीत कापसाला पाठ लावून बसली, मॉनिटर बंद, पोराच्या कानाला हेडफोन, आणि तिन्ही भजनं पहाटे दोनपर्यंत झाली. सकाळी त्याने मला त्यातलं एक पाठवलं. बसस्टँडवर उभा राहून ऐकलं. खंजिरीची छन्न शेवटपर्यंत होती.